एका चुलीची खोली

निलगिरीत काय बघावं हे सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मोठ्या बागेत जा, छोट्या आगगाडीत बसा, येताना चॉकलेट आणा. तिथं जाऊन खोली कुठली घ्यावी हे मात्र मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही शहाणा असल्यासारखा कुणाला विचारलं नाही. ज्यांना नुसता डोंगर बघायचाय त्यांनी हे वरवर वाचलं तरी चालेल. ज्यांच्या घरात अजून दोन भावांचा स्वयंपाक एका गॅसवर होतो, त्यांनी जरा सावकाश वाचावं.

कवठे येमाई

आमचं घर गावापासून थोडं लांब, मळ्यात आहे. मी रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणजे कंपनीची बस सांगेल तेव्हा उठायचं आणि ती सांगेल तेव्हा घरी यायचं. धाकटा भाऊ संतोष शेती बघतो, शेवंती आणि भाजीपाला. माझी बायको वंदना, त्याची बायको रेखा, माझी दोन मुलं, त्याची एक पिंकी आणि सगळ्यांच्या वर आई.

आईनं आयुष्यात आमच्याकडे फारसं काही मागितलं नाही. तिचं एकच म्हणणं, मी हाय तवर चूल एक ऱ्हाऊ द्या. ती नवी नवरी असताना तिच्या सासऱ्यांची आणि त्यांच्या भावाची वाटणी झाली होती. त्या दिवशी घरातली मोठी चूल फावड्यानं फोडली आणि तिची माती दोन टोपल्यांत भरून दोन दारांनी बाहेर नेली, हे तिनं आम्हाला इतक्या वेळा सांगितलंय की ती माती मला पाहिल्यासारखी वाटते.

आणि आमच्या घरात कुरबुर सुरू झाली होती. कारण विचाराल तर सांगायलाही लाज वाटेल असं. वंदनाचा हात तिखटाला सढळ, पिंकीला तिखट सोसत नाही. रेखा तिच्यासाठी वाटीभर भाजी बाजूला काढायची, वंदना त्यावर काहीतरी बोलायची, रेखा काहीच बोलायची नाही, आणि मग भांडी जरा मोठ्यानं घासली जायची. आई दोघींच्या मधे बसून लसूण सोलत राहायची.

मला वाटलं, सगळ्यांना कुठंतरी घेऊन जावं. हवापालट झाला की मनं थाऱ्यावर येतील. आणि माझ्याकडे टाइमशेअर होतंच. पुण्यात एका मॉलमध्ये कधीतरी मी कुपन भरलं होतं, मग फोन आला की सर, बक्षीस लागलंय, जोडीनं चहाला या. गेलो. चहा गार व्हायच्या आत मी मेंबर झालो होतो. दर वर्षी एक आठवडा, त्यांच्या कुठल्याही रिसॉर्टमध्ये. बक्षिसातले प्लास्टिकचे डबे केव्हाच फुटले. आठवडे मात्र तसेच पडून होते.

खोली निवडायचं काम मी कंपनीच्या बसमध्ये केलं. मोबाइलवर चित्रं होती. एका खोलीचा स्टुडिओ, एक बेडरूमचं घर, दोन बेडरूमचं घर. बाल्कनी हवी का, दरीचा देखावा हवा का, टब हवा का, हीटर हवा का. जिथं आवडेल तिथं टिचकी मारायची. माझ्या आठवड्यात दोन पर्याय बसत होते. एक म्हणजे दोन बेडरूमचं मोठं घर, मधे बैठक आणि एकच स्वयंपाकघर. नाहीतर एक-एक बेडरूमची दोन घरं, प्रत्येकाला आपलं स्वयंपाकघर, आपला फ्रिज, आपला टीव्ही. शेजारी बसलेला सहकारी म्हणाला, "दोन घे की! एकाच्या जागी दोन टीव्ही."

मलाही पटलं. आठवडाभर दोघी जावा एकमेकींच्या पायात येणार नाहीत, कुणाची भाजी कुणाला तिखट लागणार नाही, सगळे हसतखेळत राहतील. मग पडद्यावर विचारलं, देखावा महत्त्वाचा की दोन्ही घरं शेजारी हवीत? दोन्ही मिळत नव्हतं. मी देखाव्यावर टिचकी मारली. एवढं लांब जायचं आणि खिडकीतून भिंत बघायची का?

संध्याकाळी घरात सगळ्यांना चित्रं दाखवली. रेखा स्वयंपाकघराचं चित्र बोटांनी मोठं करून बघत राहिली. आईनं मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला आणि विचारलं, "दोन्ही घरांच्या मधी दार हाय का रं?"

"आई, ते रिसॉर्ट हाय. तितं असलं काय नसतंय."

"न्हाई, आपलं इचारलं," ती म्हणाली.

दौंड

आमच्या शेजारच्या मळ्यातले रशीदमामा शिरूरला जीप चालवतात. आमच्या गोठ्यावर आठवडाभर त्यांचीच माणसं लक्ष ठेवणार होती आणि दौंडपर्यंत सोडायलाही तेच. न्हावऱ्यापर्यंत पोरं गात होती, पुढं झोपली. आईच्या मांडीवर एक गाठोडं होतं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तळलेल्या मिरच्या. ते तिनं जीपच्या टपावर टाकू दिलं नाही.

दौंडच्या फलाटावर गाडी उशिरा होती. आम्ही बाकाभोवती गोल करून बसलो. शेजारी रेल्वे कॉलनीतल्या एक बाई मुलीला सोडायला आल्या होत्या. आमचा पसारा बघून त्यांनी विचारलं, "सगळे एकाच घरचे का?"

"एकाच चुलीचे," आई म्हणाली. तिचा चेहरा त्या वेळी असा होता की मला माझ्या टाइमशेअरचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

गाडीत आम्ही खाली वर्तमानपत्र पसरलं आणि गुडघ्याला गुडघा लावून जेवलो. वंदनानं पिंकीच्या दशमीला चटणीऐवजी गूळ लावून दिला. रेखानं ते बघितलं आणि स्वतःच्या हातातली तळलेली मिरची वंदनाच्या दशमीवर ठेवली. प्रवासाचं पुढचं वर्णन मी करत नाही. सोलापूरनंतर सगळं एकसारखंच दिसतं. पण ते जेवण लक्षात ठेवा, कारण मी ते विसरू शकत नाही.

वर, धुक्यात

कोइमतूरला उतरून आम्ही गाडी केली. ड्रायव्हरचं नाव कुमार, हिंदी मोडकी पण पोटभर बोलणारा. घाट चढताना प्रत्येक वळणाला थंडी वाढत जाते. खाली सुपारी आणि नारळ, मधे नुसतं जंगल आणि वर एकदम चहाचे मळे. इतकं एकसारखं कापलेलं हिरवं रान संतोषनं आयुष्यात बघितलं नव्हतं. "दादा, ह्यांना खुरपायला बाया कुठनं मिळतात?" एवढंच तो म्हणाला.

रिसॉर्टच्या काउंटरवर एक हसरी मुलगी होती. तिनं दोन घरांच्या दोन चाव्या ठेवल्या आणि माणसांची नावं टाकायला घेतली. एका घरात चारच माणसं चालत होती. आईकडे बघून तिनं हिंदीत विचारलं, "माताजी किस रूम में रहेंगी?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आई कुणाची, हा प्रश्न आमच्या घरात आजवर कुणी कुणाला विचारला नव्हता. "काय म्हनतीय?" आईनं विचारलं. मी सांगितलं.

"दोन्हीकडं लिव म्हनावं."

मुलगी पुन्हा हसली, पण तिच्या कॉम्प्युटरला एकच घर हवं होतं. आम्ही चौघं होतो, संतोषकडं तिघं. हिशेबानं आई संतोषकडं गेली.

मग दुसरी अडचण. घरून बाजरीचं पीठ, कांदा-लसूण मसाला, गूळ, तेल, सगळं एकाच पिशवीत आणलं होतं. आता स्वयंपाकघरं दोन. वंदना आणि रेखा तिथंच, लॉबीच्या चकचकीत फरशीवर उकिडव्या बसल्या आणि वर्तमानपत्राच्या कागदांवर पीठ-मसाला वाटून घेऊ लागल्या. "ताई, तुमाला जरा जास्त घ्या, तुमी चौघं," रेखा म्हणाली. "आगं, तुज्याकडं आई हायत की," वंदना म्हणाली. दोघी किती समजुतीनं बोलत होत्या! आमच्या घरात मसाल्याचे पहिले दोन वाटे झाले ते असे, अनोळखी माणसांच्या सुटकेसांच्या मधोमध. मी मात्र फोटो काढत होतो.

दोन घरं

आमचं घर वर होतं. बाल्कनी, खाली खोल दरी, सकाळी दरीतून धुकं वर यायचं आणि बाल्कनीच्या गजांवर पाणी धरायचं. संतोषचं घर खाली, गाड्या लावायच्या जागेच्या मागं. देखाव्याचं घर एकच मिळालं होतं; त्याच्या खिडकीतून एक भिंत आणि निळ्या फुलांचं झुडूप दिसायचं. मधे दगडी पायऱ्यांची उतरण. माझी टिचकी मला त्या उतरणीवरून रोज वर-खाली करायला लावत होती.

पहिल्या सकाळी मी त्यांना चहाला बोलवायला खाली गेलो. त्यांचा चहा झाला होता. आमच्या घरी चहा म्हणजे वंदनाच्या हातचा, मोठ्या पातेल्यातला, सगळ्यांना सारखा गोड. रेखानं आलं ठेचून घातलं होतं, साखर बेताची. तिनं मलाही दिला. चांगला होता. ती चार बश्या, दोन सुऱ्या आणि छोटी विजेची शेगडी असलेल्या त्या कोपऱ्यात उभी होती, पदर खोचून, आणि गुणगुणत होती. इतकी वर्षं ती आमच्या घरात आहे, मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. ती काही चुकीचं करत नव्हती. ती नुसती खूश होती.

आई शाल गुंडाळून त्यांच्या सोफ्यावर चहा पीत होती. तो संपवून ती माझ्याबरोबर वर आली आणि वंदनाचाही कपभर चहा प्याली.

"आई, पित्त व्हतंय ना तुला?" मी म्हटलं.

"थंडी हाय रं," ती म्हणाली.

त्या आठवड्यात रोज ती दोन्हीकडं चहा प्यायची. एकीकडचा प्याला आणि दुसरीकडचा राहिला, असं तिनं होऊ दिलं नाही.

पिंकी दोन वेळा पोटभर जेवायला लागली. वंदनाही मोकळी होती, बाल्कनीत पाय वर घेऊन बसायची. भांडणाचा आवाज नाही. मी सगळ्यांना सांगत होतो, बघा, आयडिया कशी काढली!

एक दिवस कुमारनं आम्हाला पलीकडच्या खोऱ्यात नेलं. डोंगराच्या पायऱ्या पायऱ्या करून गाजर, बीट, कोबी लावलेला. एका ठिकाणी मोठ्या फिरत्या पिंपात गाजरं धुतली जात होती, चिखलाचे गोळे आत जायचे आणि केशरी गाजरं बाहेर यायची. संतोषला आता दुसरं काही दिसेना. बी कुठलं, पाणी कसं, भाव काय, सगळं त्यानं कुमारच्या तोंडून विचारून घेतलं. शेतकरी म्हातारा होता, डोक्याला पांढरं फडकं. त्यानं आम्हाला वाडीवर नेऊन कॉफी पाजली. तिथली घरं एका ओळीत, भिंतीला भिंत लागून, समोर सगळ्यांचं मिळून एकच अंगण. शेजारी भाऊ, त्याच्या शेजारी चुलतभाऊ.

आईनं मला कुमारला विचारायला लावलं, "चूल एकच का ह्यांची?"

कुमारनं विचारून सांगितलं, "नहीं माँजी. सबका अपना-अपना. त्योहार में साथ."

"मग भांडत न्हाईत का?" हे रेखानं विचारलं. म्हातारा हसला, खूप वेळ काहीतरी बोलला. कुमार म्हणाला, ते म्हणतात भांडण पाण्यावरून होतं, भातावरून नाही.

आम्ही सगळे हसलो. रेखानं संतोषकडं बघितलं आणि संतोषनं तिच्याकडं. मला दिसलं ते. मी कॉफीत बघत राहिलो.

उतरणीवरचा गवा

निघायच्या आदल्या दिवशी आईनं फर्मान काढलं, आज सगळ्यांनी वर जेवायचं, एकत्र. पिठलं, भाकरी आणि बाजारातून आणलेल्या कोवळ्या गाजरांची कोशिंबीर. भाकरी रेखा थापणार, पिठलं वंदना करणार. पीठ रेखाकडं शिल्लक होतं, ती ते घेऊन दिवेलागणीला वर येणार होती. आई तोवर खालीच थांबली होती.

दिवेलागणीला उतरणीवर गवा आला. तिकडं ते मेथीच्या जुडीसाठी बाजारात शिरलेल्या गाईसारखे बिनधास्त फिरतात, फक्त गाय याच्या पोटाखालून निघून जाईल. पायऱ्यांच्या बरोबर मधे तो उभा राहिला आणि कुंपणाची पानं ओरबाडू लागला. वॉचमननं शिट्टी वाजवून सगळ्यांना घरात बसायला सांगितलं. त्याला हाकलायचं नसतं, कंटाळून गेला तर जातो.

तो कंटाळला नाही. बाल्कनीतून मला त्याची पाठ दिसत होती आणि त्याच्या पलीकडं संतोषच्या दारातला दिवा. वंदनानं पिठलं करून झाकून ठेवलं होतं. पोरं भुकेजली. शेवटी खोलीतला फोन वाजला. आईनं आयुष्यात असला फोन कधी लावला नव्हता. पिंकीनं लावून दिला असणार.

"पोरं उपाशी ठिवू नका. तुमी जेवून घ्या," ती म्हणाली. "रेखानं भाकऱ्या केल्यात, आमी हितं जेवतो. पिठल्याबिगर चाललं आमाला."

आम्ही पिठलं पावाबरोबर खाल्लं. खाली त्यांनी भाकरी कशाबरोबर खाल्ली, मी विचारलं नाही. मला राग गव्याचा आला होता. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, मी कशावर टिचकी मारली होती ते?

परत

परतीच्या गाडीसाठी दोन डबे तयार झाले. आमचा वंदनाकडं, त्यांचा रेखाकडं. कुणी ठरवलं नव्हतं, सवय झाली होती. सीटवर बसल्यावर आईनं दोन्ही डबे मागून घेतले आणि मांडीवर ठेवले. जेवायच्या वेळी ती दोन्हींतलं थोडं थोडं सगळ्यांच्या ताटात घालत होती. पिंकी म्हणाली, "आज्जी, मला आपल्यातलंच दे." आईनं तिला तिच्यातलंच दिलं.

दौंडला रशीदमामा जीप घेऊन उभे होते. "कसा झाला परवास?" त्यांनी विचारलं.

"लई ब्येस, मामा," संतोष पुढच्या सीटवरून म्हणाला. "आमाला स्वतंत्र घर हुतं."

रशीदमामांनी आरशातून आईकडं बघितलं आणि गिअर टाकला.

न्हावऱ्याला चहाला थांबलो. संतोष माझ्याजवळ आला, कपाच्या कडेवरून बोट फिरवत. हा माझा भाऊ कधी मला उलट बोललेला नाही. आताही तो उलट बोलत नव्हता.

"दादा, तितं कसं जमलं आपलं, न्हाई? भांडन न्हाई, तंटा न्हाई. रेखी बी खूश, वहिनी बी खूश." चहाचा घोट घेऊन तो म्हणाला, "घरी बी तसंच केलं तर? शेती एकच. गोठा एकच. फकस्त सैपाक."

त्यात खोटं काही नव्हतं. जमलं होतं. मीच जमवून दाखवलं होतं.

शेवंतीचा हंगाम संपल्यावर संतोषनं पडवीला भिंत घातली आणि आत ओटा केला. भांडण झालं नाही. वंदनानंच रेखाला नवा कुकर घेऊन दिला. चूल फोडायची वेळ आली नाही, कारण आता फोडायला मातीची चूल कुठं आहे. एक नवं सिलिंडर आणलं की झालं. आता पिंकीही मजेत आहे, जावाजावांचं पूर्वीपेक्षा चांगलं पटतं. लोक म्हणतात, बरं केलंत. मी मान हलवतो. पण संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरात शिरलो की दोन फोडण्यांचे वास येतात आणि मला घरी आल्यासारखं वाटत नाही.

परवा सुट्टी होती. रिसॉर्टवाल्यांचा मेसेज आला होता की यंदाचा आठवडा अजून शिल्लक आहे. मी ओसरीवर मोबाइल घेऊन बसलो होतो. आई वंदनानं दिलेला चहा पीत शेजारी बसली होती. तिनं वाकून चित्रं बघितली.

"तसली एका चुलीची खोली मिळती का रं तितं?"

"मिळती," मी म्हटलं. "मोठं घर असतंय. झोपायला दोन खोल्या, आन् मधी एकच सैपाकघर."

"आसं व्हय." तिनं कपातला तळाचा घोट घेतला. "मागल्या खेपेला बी हुती का ती?"

"हुती."

आईनं कप खाली ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पडवीच्या नव्या दाराकडं निघाली.

"बस की आई."

"येते," ती म्हणाली. "रेखीनं चहा टाकलाय."